अकरा क्वार्ट

गाडीतले तेल बदलता येत नाही असे कबूल करणारा माणूस मला श्रीरामपूर ते राहाता या पट्ट्यात अजून भेटायचा आहे. डॉक्टरला येते, वकिलाला येते, गुळाच्या अडत्याला तर जन्मतःच येते. खालचा बोल्ट सोडायचा, काळे वाहू द्यायचे, वरून पिवळे भरायचे. यात शिकायचे काय, असे मला एका मुख्याध्यापकांनी विचारले होते. त्यांनी घरच्या घरी इंजिनाचे तेल बदलले होते. फक्त बोल्ट सोडला होता तो गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट तेल, अशी गाडी घेऊन ते माझ्याकडे आले ते तक्रार करायला, की हल्ली तेलात भेसळ फार.

श्रीरामपुरात स्टेशनकडच्या रस्त्यावर माझे गॅरेज आहे. मी मॅट्रिक झालेला मिस्त्री. गॅरेजात मापे, फूटपट्टी, वजनाचा काटा आणि इंग्रजी शब्दकोश ठेवतो, म्हणून आमच्या धंद्यातले लोक मला हसतात. ते ‘अंदाजाने’ काम करतात. अंदाज म्हणजे काय, तर मोजायचा कंटाळा. बोटाच्या पेराने तेल मोजणारे, अंगठ्याने टायरची हवा सांगणारे, डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकणारे असे सगळे उस्ताद मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मला आदर नाही आणि तो नाही हे मी त्यांना सांगितलेलेही आहे. संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहा म्हणून कळवले. गमती माझ्याकडे नाहीत. राहात्याच्या आबासाहेबांच्या गाडीचे मात्र लिहून ठेवले पाहिजे.

आबासाहेब मोठे बागायतदार. ऊस, मोसंबी, पेरू, दोन ट्रॅक्टर, तीन पंप. त्यांनी मुंबईच्या एका दलालाकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली. कुठल्याशा परदेशी साहेबाने वापरून टाकलेली. दलालाने सांगितले, ‘साहेब फक्त रविवारी चर्चला जायचा.’ मीटरवर एकसष्ट हजार मैल होते. म्हणजे साहेब फारच लांबच्या चर्चला जात असला पाहिजे. गाडीची लांबी सतरा फूट चार इंच, मी फितीने मोजली. आबासाहेबांची शेड सोळा फुटांची. त्यांनी शेडची मागची भिंत पाडली, पण घेण्याआधी गाडी मोजावी हे काही सुचले नाही.

या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. ही काय भानगड ते थोडक्यात सांगतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागेल. या गाडीत तसेच दोन पंखे एका बंद डब्यात असतात आणि वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा इंजिन फिरवते, दुसरा तेलाच्या माऱ्याने फिरतो आणि चाकांना ओढ देतो. मागच्या पेटीतले गिअरही तेलाच्याच दाबाने आवळले आणि सोडले जातात. म्हणजे साध्या गाडीत तेल हे वंगण असते. या गाडीत तेल हाच कामगार. ते पातळ आणि लालभडक असते आणि तेव्हा मुंबईहून डब्यांतून मागवावे लागे. आबासाहेबांच्या ट्रॅक्टरवाल्याने ते पाहून, “हे तर खोकल्याचं औशिद हाय,” असा निर्वाळा दिला होता.

गाडीवर पहिले दोन ड्रायव्हर टिकले नाहीत. जन्मभर डाव्या पायाने क्लच दाबलेली माणसे. गिअरची वेळ आली की डावा पाय आपसूक उठायचा आणि समोर सापडेल तो रुंद ब्रेक करकचून दाबायचा. आबासाहेब मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर यायचे. दुसऱ्या ड्रायव्हरच्या वेळी त्यांचा दात हलला.

मग त्यांना शांतवन साळवे मिळाला. हा पूर्वी ट्रक चालवायचा. चाक बदलताना जॅक घसरला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. सहा वर्षे तो घरी बसून होता. बायको रूथबाई मिशनच्या शाळेत स्वयंपाक करायची, त्यावर घर चालले होते. ज्या पायाने इतर ड्रायव्हर घोटाळा करत तो पायच याला नव्हता, आणि गाडी तर उजव्या पायावर चालणारी. मोठ्या खटपटीने त्याला परवाना मिळाला, पण त्यावर शेरा होता: क्लच नसलेल्या वाहनापुरताच. अशी दुसरी चालती गाडी निदान मला तरी जिल्ह्यात माहीत नव्हती. ही गाडी होती तोवर शांतवन ड्रायव्हर होता. ती गेली की पुन्हा चुलीपुढे बसायचे. हे त्याला माहीत होते, मला माहीत होते आणि आबासाहेबांना तर फारच चांगले माहीत होते. दिवसातून दोनदा ते त्याला आठवण करून देत.

शांतवन गाडी तळहातावर ठेवल्यासारखी चालवायचा. दर शनिवारी गाडी पाच-सहा मैल फिरवून गरम करायची, इंजिन चालू ठेवूनच तेलाची काडी काढून पाहायची आणि पुसून परत घालायची, हा त्याचा नेम होता. या गाड्यांत हे तेल असेच पाहतात. इंजिन बंद केले की वरचे तेल खाली उतरते आणि काडी खोटे सांगते. हे त्याला मीच शिकवले होते.

सत्तर सालचा दसरा जवळ आला. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे आणि यंत्रे पुजतात. आबासाहेबांची त्यापुढे जाऊन एक पद्धत होती: पूजेच्या आधी घरातल्या प्रत्येक यंत्राचे तेल बदललेच पाहिजे. जुन्या तेलावर हळदकुंकू वाहायचे नाही. पंपाचे, ट्रॅक्टरचे, पिठाच्या गिरणीचे, सगळ्यांचे नवे तेल. तेव्हा या गाडीच्या पेटीचेही.

मी राहात्याला जाऊन काडी पाहिली. तेल थोडे काळपट होते, पण जळका वास नव्हता. गाडी गिअर नीट घेत होती. म्हणालो, “आबासाहेब, चालतंय ते चालू द्या. गिअरबॉक्सला पंचांग कळत नाही.”

“त्येला न्हाई कळत, पन मला कळतंय ना,” आबासाहेब म्हणाले. “तुमाला जमत नसंल तर तसं सांगा. ट्रॅक्टरवाला बदलतोय. त्याच्याकडं नव्वद नंबरचं आख्खं पिंप हाय.”

नव्वद नंबरचे तेल म्हणजे काकवी. ते या पेटीत गेले असते तर पेटीचे श्राद्धच घालावे लागले असते. मी म्हणालो, मीच बदलतो. इथपर्यंत माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

मुंबईहून लिटरचे चौदा डबे मागवले. गाडीबरोबर अमेरिकेत छापलेले पुस्तक आले होते. त्यात लिहिले होते: गिअरबॉक्स, पंख्यांच्या डब्यासह, अकरा क्वार्ट. आता डबे लिटरचे आणि पुस्तक क्वार्टचे. दुसरा मिस्त्री असता तर ‘क्वार्ट म्हणजे लिटरच हो’ म्हणाला असता. माझ्या भिंतीवर नव्या मापांचा सरकारी तक्ता लावलेला आहे. त्यावर एक क्वार्ट बरोबर एक पूर्णांक एकशे छत्तीस सहस्रांश लिटर. मी पाटीवर गुणाकार केला: बारा पूर्णांक चारशे शहाण्णव. म्हणजे साडेबारा लिटरला चार मिलिलिटर कमी. ते चार मिलिलिटरसुद्धा मी सोडणार नव्हतो.

खालचे दोन्ही बोल्ट, पेटीचा आणि पंख्यांच्या डब्याचा, सोडले आणि जुने तेल मापात धरले. निघाले दहा लिटर आणि दोनशे मिलिलिटर. मी शांतवनला बोलावले.

“हे बघ. सव्वादोन लिटर कमी तेलावर गाडी चालवत होतास. पेटी जळाली असती म्हणजे?”

तो कुबडीवर वाकून मापाकडे पाहत राहिला. “काडी तर खुनंवर हुती, मिस्त्री. दर शनवारी बघतोय.”

“काडी या गाडीची कशावरून? दलालाने दुसऱ्या कुठल्या गाडीची घातली असेल.”

“आसंल,” तो म्हणाला.

मी साडेबारा लिटर भरले, चार मिलिलिटर वगळून. गाडी फिरवून आणली, इंजिन चालू ठेवून काडी काढली. तेल खुणेच्या दोन बोटे वर होते.

“मिस्त्री, जास्त झालंय,” शांतवन म्हणाला.

“पुस्तक सांगतं ते बरोबर.”

“मपली काडी जास्त सांगतीय. आन् गाडीबी जड वाटतीय. घास जास्त झाल्यावानी.”

यावर मी जे बोललो ते लिहायला बरे वाटत नाही, पण लिहितो. “शांतवन, तुझं काम गाडी चालवायचं. मोजायचं काम ज्याला मोजता येतं त्याच्याकडे असू दे.” आजूबाजूला चार गिऱ्हाइके होती. ती हसली. तोही हसला, कारण दुसरे करणार काय.

खंडेनवमी झाली. गाडीला झेंडूचे हार, बॉनेटवर नारळ. दुसऱ्या दिवशी आबासाहेब पांढरा फेटा बांधून निघाले श्रीगोंद्याकडे. त्यांचे व्याही तिकडच्या एका साखर कारखान्यात डायरेक्टर होते आणि दसऱ्याला बॉयलर पेटवायचा समारंभ होता. फोटोग्राफर येणार होता. आबासाहेबांना गाडीतून उतरताना फोटो हवा होता.

राहुरीपर्यंत गाडी बरी चालली. नगरच्या अलीकडे विळदचा घाट लागतो. घाट कसला, चढच तो. बैलगाड्यासुद्धा न थांबता चढतात. तिथे इंजिन ओरडायला लागले आणि गाडी मात्र पुढे सरकेना. शांतवनने पाय हलका केला, दांडी ओढून खालचा गिअर घेतला, काही उपयोग झाला नाही. मग बॉनेटखालून पांढरा धूर निघाला आणि मागे रस्त्यावर लाल तेलाची रेघ उमटली. आबासाहेब उडी मारून उतरले. फोटो काढायला कोणी नव्हते.

तिथे काय झाले ते मला पुढे दोघांकडूनही कळले आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. आबासाहेब म्हणाले, “येका पायाच्या मानसाला गाडी दिली, माजीच चूक हाय. उद्यापास्नं येऊ नकोस.” मग त्यांनी उसाच्या एका रिकाम्या ट्रकला हात केला आणि पांढऱ्या फेट्यानिशी केबिनमध्ये क्लीनरच्या शेजारी बसून बॉयलर पेटवायला गेले.

शांतवन गाडी सोडून गेला नाही. दोन तास ती थंड होऊ दिली. मग दर सात-आठ मैलांना थांबत, थंड करत, दिवस मावळता मावळता ती माझ्या गॅरेजच्या दारात आणून उभी केली. मला वाटले, आता शिव्या देईल. त्याने काडी काढली, माझ्यासमोर धरली आणि एवढेच म्हणाला, “फेस बघा, मिस्त्री.”

काडीवर तेल नव्हतेच, गुलाबी फेस होता. पेटीत तेल प्रमाणाबाहेर झाले की फिरणारे गिअर त्यात बुडतात आणि ताक घुसळल्यासारखे त्याला घुसळतात. फेसाला जोर नसतो. तो दाबला की नुसता दबतो. गिअर आवळणार कसे? तापलेला फेस मग काडीच्या नळीतून उतू जातो आणि सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर होतो. हे सगळे मला त्या क्षणी कळले. माझा आकडा चुकला असेल, हे मात्र अजूनही पटत नव्हते.

पुस्तक घेऊन घरी आलो. गुणाकार पुन्हा केला. बरोबर. तक्त्याची घरी ठेवलेली नक्कल पाहिली. बरोबर. मग नुसतेच पुस्तक चाळत बसलो. रेडिएटरच्या पानावर ओळ होती: पाणी पंधरा क्वार्ट, कॅनडात साडेबारा.

मी पत्नीला म्हणालो, “काय मूर्ख लोक आहेत बघ. गाडी तीच, रेडिएटर तोच, आणि कॅनडात त्यात पाणी कमी मावतं म्हणे.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पाणी तेवढंच असेल, माप मोठं असेल तिकडचं. आमच्या नेवाशाची पायली इथल्या पायलीपेक्षा मोठी नाही का? लग्नानंतर पहिल्यांदा दळण मोजलं तेव्हा तुमच्या आईंनी मला चोर ठरवलं होतं.”

मी शब्दकोश उघडला. मागच्या परिशिष्टात होते: क्वार्ट, इंग्लंडातला आणि कॅनडातला, एक पूर्णांक एकशे छत्तीस. क्वार्ट, अमेरिकेतला, शून्य पूर्णांक नऊशे शेहेचाळीस. अकरा अमेरिकन क्वार्ट म्हणजे दहा लिटर चारशे मिलिलिटर. जुने तेल निघाले होते दहा लिटर दोनशे. थोडेफार भिंतींना चिकटून राहतेच. पेटी काठोकाठ बरोबर होती. काडी त्याच गाडीची होती. शांतवन बरोबर होता. मी तीन दशांश स्थळांपर्यंत काटेकोर राहून दोन लिटर चुकलो होतो. अंगठ्याने हवा सांगणारे उस्तादसुद्धा इतके चुकत नाहीत.

“काय झालं?” पत्नीने विचारले.

“तुझी पायली,” मी म्हणालो.

सकाळी जादा तेल काढले, फेस बसू दिला आणि शांतवनलाच गाडी चालवायला लावून बाभळेश्वरपर्यंत जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालली. पेटीला काही झाले नव्हते, कारण त्याने वेळेवर पाय काढला होता आणि दर सात-आठ मैलांना थांबला होता. दुसरा असता तर रेटत नेली असती. तसेच राहात्याला गेलो आणि आबासाहेबांना ओसरीवर चार माणसांत सांगितले, “चूक माझी. ड्रायव्हरचा दोष नाही. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

आबासाहेब म्हणाले, “म्हंजी गिअरबॉक्स ठनठनीत हाय?”

“आहे.”

“लिवून द्याल?”

“देतो की.”

मला वाटले, शांतवनसाठी मागताहेत. मोठ्या हौसेने फुलस्केपभर लिहिले. मीटरचे मैल, तेलाची जात, किती काढले, किती भरले, दोन्ही क्वार्टांचा हिशेब, चाचणीचे अंतर. खाली सही आणि गॅरेजचा शिक्का. आबासाहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. “बरं. येऊ द्या त्याला कामावर,” म्हणाले. मी घरी येऊन दोन घास जास्त जेवलो.

तीन आठवड्यांनी शांतवन गाडी घेऊन आला. वाकडी वाट करून आला होता. गाडी धुऊन पुसून लख्ख होती आणि मागच्या सीटवर त्याची पिशवी होती.

“पुन्याला पोचवाया चाललोय,” तो म्हणाला. “इकली आबांनी. पुन्याच्या एका शेटला. त्यो म्हनत हुता, असल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा काय भरवसा? आबांनी तुमची चिठ्ठी दाखवली.”

“आणि तू?” मी विचारले.

“मी येतो की येश्टीनं, उद्या न्हाईतर परवा. आबा जीप घेत्यात.” जीपला क्लच असतो, हे दोघांनाही सांगायला नको होते.

मग उगाच काहीतरी करायचे म्हणून मी म्हणालो, “इंजिन चालू आहे तर काडी बघू या.” काडी काढली. तेल बरोबर खुणेवर होते. “बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बरोबर हाय म्हनूनच इकली ना,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. “मिस्त्री, तुमची चिठ्ठी मी वाचलीय. मैल लिवलं, लिटर लिवलं, क्वार्टबी लिवलं. ती गाडी कोन चालवीत हुतं, त्याचं एक अक्षर न्हाई त्यात.”

खरे होते. फुलस्केप भरला होता आणि त्यात माणूस नव्हता.

मी आतून कागद आणला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून दुसरी चिठ्ठी लिहिली. इंजिन चालूच होते, त्यामुळे अक्षर हलले. नीट करून लिहावी असे वाटले, पण तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. पुण्याच्या नव्या मालकाच्या हातात दे म्हणून सांगितले. त्याने ती वाचली, पिशवीत ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याची एसटी यायच्या वेळी मी स्टँडवर गेलो. तो उतरला नाही. तिसऱ्या दिवशीही गेलो, तेव्हाही नाही. चौथ्या दिवशी रूथबाई गॅरेजवर आल्या. पुण्याला सामान न्यायला टेम्पो कोणाचा बरा, हे त्यांना विचारायचे होते.

“शेटला डायवर नको हुता, घरचा हाय म्हने,” त्या म्हणाल्या. “पन तुमची चिठ्ठी वाचली, हसला, आन् पुन्यांदा वाचली. मग म्हनला, रहा. काय लिवलं हुतं हो, मिस्त्री? ह्यांनी निरोप धाडला, त्यात तेवढं न्हाई सांगितलं.”

दोन ओळी होत्या, त्यामुळे मला पाठ होत्या. मी सांगितल्या: ‘या गाडीत मी दोन लिटर तेल जास्त भरले, तेव्हा हा ड्रायव्हर “जास्त झाले” म्हणाला होता. मी ऐकले नाही. आपण ऐकत जावे.’